फिफ्टीन की फिफ्टी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाई आठ दिवस इस्पितळात राहून नुकत्याच घरी आल्या होत्या. साखर वर-खाली होत होती, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘रोज संध्याकाळी मला आकडे कळवा, रात्री इन्सुलिन किती द्यायचं ते मी सांगत जाईन.’ त्याप्रमाणे मी फोन लावला. बाहेर धो धो पाऊस, गॅलरीच्या पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज आणि कुकरची शिट्टीही नेमकी त्याच वेळी! डॉक्टर मराठीच. बोलणंही सगळं मराठीत. आकडा तेवढा इंग्रजीत. ‘सकाळचं आहे तेच ठेवा, रात्रीचं मात्र फिफ्टीन करा,’ असं ते म्हणाले. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं : रात्री ५०.

इन्सुलिनच्या पेनला आकड्यांचं चाक असतं. ते फिरवायचं आणि हवा तो आकडा खिडकीत आणायचा. मी चाक फिरवायला लागले, तशी सासूबाईंनी विचारलं, ‘आज किती सांगितलंय?’

‘पन्नास.’

‘काल बारा होतं ना? बाराचं एकदम पन्नास? अगं, वाणीसुद्धा एवढा भाव चढवत नाही एका रात्रीत. पुन्हा विचार.’

आता खरं सांगते. माझा हात फोनकडे लगेच गेला नाही. मनात पहिला विचार आला तो असा, की डॉक्टर काय म्हणतील? एवढी बी.ए. झालेली बाई, हिला फिफ्टीन-फिफ्टी कळत नाही? चांगली पाच मिनिटं मी तशीच बसून होते. शेवटी सासूबाईंच्या धाकानेच फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. मग डॉक्टर म्हणाले, ‘वन फाइव्ह. पंधरा. अहो, बरं झालं विचारलंत.’

पन्नास दिलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इन्सुलिन जास्त झालं की साखर झपाट्याने उतरते, घाम सुटतो, माणूस झोपेतल्या झोपेत बेशुद्ध होतो. हे इस्पितळातून घरी सोडताना नर्सबाईंनी सांगितलेलं मला पाठ होतं. त्या रात्री मी तीनदा उठून सासूबाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला. पंधराच दिलं होतं, तरीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, माझंही अस्संच झालं होतं!’ आणि मग ज्या ज्या मैत्रिणीपाशी विषय काढला तिच्याजवळ एक तरी फजिती निघालीच. कुणी इलेक्ट्रिशियनचा नंबर चुकीचा घेतला, कुणी बँकेचा कोड चुकवला, कुणाच्या पाहुण्यांनी ‘थर्टीन बाय टू’ असा पत्ता ऐकून तीस नंबरची बिल्डिंग शोधत उन्हात पायपीट केली. तेव्हा लक्षात आलं, की इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, मालिका आणि सिनेमेही समजतात; पण इंग्रजी आकडा तोंडाने सांगायचा किंवा कानाने टिपायचा म्हटला की आपल्या पाचावर धारण बसते. आणि हे काम घरात कुणाच्या वाट्याला येतं? गॅस नोंदवणं, औषधाच्या दुकानात फोन, शाळेची फी, कुरिअरवाल्याला पत्ता सांगणं... तुमच्या-माझ्याच!

कानाचा दोष नाही हो

थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, फिफ्टीन-फिफ्टी, थेट नाइन्टीन-नाइन्टीपर्यंत अशा सात जोड्या आहेत. इंग्रज माणूस बोलतो तेव्हा ‘टीन’ लांबवतो आणि बहुधा जोरही त्यावरच देतो : फिफ्टीऽऽन. ‘फिफ्टी’ म्हणताना जोर सगळा पहिल्या ‘फिफ्’वर, आणि शेवट आखूड. आपण मराठी माणसं दोन्ही शब्द एकाच सुरात, एकाच मापाने म्हणतो. मग फरक उरतो तो एका ‘न’पुरता. तो ‘न’ पावसात किंवा कुकरच्या शिट्टीत हरवला, की पंधराचे पन्नास झालेच म्हणून समजा.

पण यात आपल्या इंग्रजीची लाज वाटायचं कारण नाही. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांचेही कान इथे फसतात. म्हणून तर अमेरिकेतल्या औषधांच्या सुरक्षिततेचं पाहणारी मंडळी डॉक्टर-परिचारिकांना सांगतात, की फोनवर मात्रा सांगताना ‘फिफ्टीन’ म्हणून थांबू नका, पुढे ‘वन फाइव्ह’ असं सुटं करून सांगा. आणि ऐकणाऱ्याने ते लिहून घेऊन परत वाचून दाखवावं. विमानं चालवणाऱ्यांचे तर उच्चारच वेगळे ठरवून दिलेले आहेत. थ्रीला ते ‘ट्री’ म्हणतात, फाइव्हला ‘फाइफ’ आणि नाइनला ‘नाइनर’! कारण खरखरणाऱ्या रेडिओवर फाइव्ह आणि नाइन जुळ्या बहिणींसारखे वाटतात. अक्षरांसाठीही त्यांचे ठरावीक शब्द आहेत : अल्फा, ब्राव्हो, चार्ली... १९५६ सालापासून जगभरच्या विमानांत ते वापरात आहेत. आपलं ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ हे त्यांचंच घरगुती भावंड. मला तर हे वाचून फार धीर आला. शेकडो माणसं घेऊन आकाशात उडणारा वैमानिक जर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाजत नाही, तर आपण दोन खोल्यांच्या स्वयंपाकघरात का लाजावं?

आणि गंमत म्हणजे ही युक्ती आपल्याला आधीपासूनच माहीत आहे. भिशीत आपण हाउसी खेळतो ना? आकडा पुकारणारी बाई काय म्हणते? ‘वन फाइव्ह, फिफ्टीन!’ ‘फाइव्ह झिरो, फिफ्टी!’ आधी सुटे आकडे, मग जोडून. दहा रुपयांच्या तिकिटासाठी आपण जी काळजी घेतो, ती औषधाच्या वेळी विसरतो.

पंचवीस, पण ट्वेंटी-फाइव्ह

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस नंतर. लिहितो मात्र दोन आधी, पाच नंतर. इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ जसं बोललं तसं लिहिलं. (जुन्या इंग्रजीतही ‘फाइव्ह अँड ट्वेंटी’ म्हणायची रीत होती, आणि जर्मन लोक अजून तसंच म्हणतात. तेव्हा आपण काही जगावेगळे नाही.) त्यात आपल्या आकड्यांना प्रत्येकाला स्वतंत्र नाव. त्रेसष्ट, चौसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट... आणि ‘एकोण’ची तर तऱ्हाच न्यारी. एकोणसाठ म्हणायचं आणि लिहायचा पाच!

आठवत असेल, २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आणली, तेव्हा केवढं रण माजलं होतं! जुनी नावं काढून टाकली नव्हती, जोडीला नवी दिली होती. तरी विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत थट्टा चालली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितलं, की कानडी, तेलुगू, तमिळ मुलं असंच म्हणतात आणि लहान मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. मला स्वतःला ‘सत्त्याण्णव’ सोडून ‘नव्वद सात’ म्हणणं जिवावर येतं, हे कबूल करते. पण माझी सहा वर्षांची नात जेव्हा विचारते, ‘आजी, अठ्ठ्याहत्तर म्हणजे सेव्हन्टी-एट की एटी-सेव्हन?’ तेव्हा बाईंचं म्हणणं काय होतं ते कळतं. आणि मोबाइल नंबर मराठीत दोन-दोनच्या जोड्यांनी सांगायची आपली सवय पलीकडच्या तरुण मुलाला कशी अवघड जात असेल, तेही. ‘अठ्ठ्याण्णव, बावीस’ म्हटलं की तो बिचारा गप्पच होतो. मग आपण म्हणतो, ‘कसली ही आजकालची मुलं!’

उलट, सासूबाईंची गोष्ट घ्या. जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा त्यांना तोंडपाठ. औट म्हणजे साडेतीन. ‘तेरा औटं किती?’ विचारलं तर वाटाणे सोलता सोलता सांगतात, ‘साडेपंचेचाळीस.’ मी मोबाइल काढेपर्यंत उत्तर हजर! पण तीच बाई गॅसच्या फोनवर ‘डबल सेव्हन’ ऐकलं की फोन माझ्याकडे सरकवते. दीड, अडीच, पाऊण, सव्वा यांना इंग्रजीत एका शब्दाचा तोडच नाही, त्यांना ‘वन अँड अ हाफ’, ‘टू अँड अ हाफ’ असं लांबण लावावं लागतं. पण हे आपल्याला कुणी इंग्रजीच्या तासाला सांगितलं नाही. आपल्याला फक्त आपलं काय चुकतं तेवढं सांगितलं.

एक टिंब आणि एक पूज्य

सगळ्यात जपून वागायचं ते टिंबाशी. एकच टिंब, पण वाक्याच्या शेवटी ते ‘फुल स्टॉप’ (अमेरिकेत ‘पीरियड’), आकड्यात ‘पॉइंट’ आणि ई-मेलच्या पत्त्यात ‘डॉट’. नाव चुकलं तर लोक हसतील फार तर. पण टिंब गाळलं तर?

आमच्या नात्यातली एक नवी आई. बाळाला ताप. थर्मामीटरवर १००.४. घाबरलेल्या तिने फोनवर सांगितलं, ‘हंड्रेड फोर.’ मधलं ‘पॉइंट’ घाईत गिळलं. पलीकडून हुकूम आला, ‘ताबडतोब घेऊन या!’ रात्री अकरा वाजता रिक्षा, सासरे पुढे, आजी मागे, बाळ दुपट्यात. तिथे पाहतात तो बाळ हसतंय! १००.४ म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ताप म्हणावा इतपत. १०४ म्हणजे ४०. उगाच धावपळ झाली एवढंच. पण उलटं झालं असतं, १०४ ताप असताना ‘हंड्रेड पॉइंट फोर’ ऐकू गेलं असतं, तर? म्हणून टिंब असेल तर ‘पॉइंट’ ठासून म्हणावं, आणि नसेल तर ‘वन झिरो फोर’ असं सुटं म्हणावं. टिंबाच्या पुढचे आकडे तर नेहमी सुटेच. २.२५ म्हणजे ‘टू पॉइंट टू फाइव्ह’. ‘टू पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह’ नव्हे. नाहीतर २.५ पेक्षा २.२५ मोठं, असं मुलांच्या डोक्यात बसतं. पाच पेक्षा पंचवीस मोठे ना! रुपये-पैशांचं वेगळं. तिथे ‘टू रुपीज ट्वेंटी-फाइव्ह’ चालतं, कारण ते पंचवीस पैसे असतात.

टिंबाआधीचं पूज्यही गिळू नये. ‘पॉइंट फाइव्ह’ न म्हणता ‘झिरो पॉइंट फाइव्ह’. आणि टिंबानंतर उगाच पूज्य लिहू नये. १.० मधलं टिंब पुसट झालं की झाले दहा! अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. तिने २००४ साली ‘असं लिहू नका’ म्हणून जी यादी काढली, तिच्यात या दोन्ही गोष्टी आहेत. घरातल्या औषधांचा तक्ता आपण फ्रिजवर लावतो, त्यालाही हाच नियम लावायला काय हरकत आहे?

आता त्या पूज्याच्या नावांविषयी. आपण शून्य म्हणतो. ते अरबांकडे गेलं, त्याचं ‘सिफ्र’ झालं, इटलीत जाऊन ‘झेरो’ आणि इंग्रजीत ‘झिरो’. म्हणजे माहेरचीच लेक, सासरचं नाव घेऊन परत आली! पण इंग्रजांनी तिला आणखी किती नावं ठेवली आहेत पाहा. गणितात ‘नॉट’, फुटबॉलमध्ये ‘निल’, टेनिसमध्ये ‘लव्ह’, क्रिकेटमध्ये बाद झालेल्या खेळाडूचं ‘डक’ आणि फोनवर ‘ओ’.

हे ‘ओ’ प्रकरण मात्र घातक. बँकेचा आयएफएससी कोड तुम्ही पाहिलाच असेल. अकरा खुणा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं नेहमी शून्य. आपण फोनवर सांगतो ‘ओ’ आणि पलीकडचा इमानेइतबारे इंग्रजी ‘ओ’ अक्षर लिहितो. मग ‘कोड चुकीचा आहे’ म्हणून मशीन अडून बसतं आणि बँकेत खेटे घालायचे ते आपण. तेव्हा जिथे अक्षरं आणि आकडे एकत्र आहेत तिथे ‘झिरो’च म्हणायचं, ‘ओ’ नाही. पॅन कार्डाचंही तसंच : पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. एवढं ध्यानात ठेवलं की कुठे ‘ओ’ आणि कुठे शून्य हा घोळ उरत नाही.

डबल, ट्रिपल

मोबाइल नंबर पाच-पाचच्या दोन घासांत सांगावा. दहा आकडे एका दमात सांगितले तर ऐकणारा सहाव्यालाच गटांगळी खातो. ‘डबल’ आणि ‘ट्रिपल’ इंग्लंडात आणि आपल्याकडे चालतं. ऑस्ट्रेलियात तर मदतीसाठी फिरवायच्या तीन पूज्यांच्या नंबराचं नावच ‘ट्रिपल झिरो’ आहे. पण अमेरिकेतला माणूस ‘डबल’ ऐकून घुटमळतो. त्याला ‘टू टू’ असंच सांगावं. चार सारखे आकडे आले तर ‘डबल, डबल’, उगाच ‘क्वाड्रुपल’ वगैरेच्या वाटेला जाऊ नये!

पिनकोडचा विषय निघालाच आहे तर सांगते, ही सहा आकड्यांची योजना आपल्या मराठी माणसाने आखलेली. केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. पहिले तीन आकडे मोठ्या विभागाचे, शेवटचे तीन पोस्ट हापिसाचे. म्हणून तो म्हणतानाही तीन-तीनच म्हणावा. दादरचा ४०००१४ म्हणजे ‘फोर डबल झिरो’, जरा थांबून, ‘झिरो वन फोर’. आमचे शेजारी तो ‘चार लाख चौदा’ असा ऐटीत सांगतात. जणू फ्लॅटची किंमतच!

वेलांटीवाला ‘ए’ आणि इतर मंडळी

ई-मेलच्या पत्त्यातला @ हा ‘ए’ला शेपूट गुंडाळल्यासारखा दिसतो. आपण त्याला ‘अ‍ॅट द रेट’ म्हणतो. ते काही चुकून नव्हे. पूर्वी वाण्याच्या बिलात ‘दहा वह्या @ पाच रुपये’ असं लिहीत, म्हणजे ‘पाच रुपये दराने’. त्या ‘दराने’चं आपण धरून ठेवलं. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनियरने ई-मेलसाठी ही खूण निवडली आणि तिचा अर्थ झाला नुसता ‘अ‍ॅट’, म्हणजे ‘अमक्या ठिकाणी’. परदेशी बोलताना तेवढंच म्हणावं. पण तुमच्या ‘अ‍ॅट द रेट’ला कुणी हसलं, तर सांगा, की इटलीत याला गोगलगाय म्हणतात आणि हॉलंडात माकडाचं शेपूट!

आडव्या रेघेचंही तसंच आहे. मधे असली तर ‘हायफन’, गणितात ‘मायनस’, खाली असली तर ‘अंडरस्कोअर’, आणि ‘१०-१२ माणसं’ लिहिलं तर तिथे ‘टेन टू ट्वेल्व्ह’. तिरक्या रेघेला आपल्याकडे सरसकट ‘बाय’ म्हणतात. घर नंबर ‘ट्वेल्व्ह बाय थ्री’. ‘बाय’ म्हणजे खरं तर भागाकार! बाहेरगावच्या माणसाला ‘स्लॅश’ म्हटलं की बरोबर कळतं. कॉम्प्युटरवरची उलट्या बाजूला कललेली ती ‘बॅकस्लॅश’. फोनवरच्या जाळीसारख्या खुणेला आपल्याकडे ‘हॅश’, अमेरिकेत मात्र ‘पाउंड’. तिकडे मुलीकडे गेलेल्या एका मैत्रिणीला फोनमधली बाई सारखी ‘प्रेस पाउंड’ सांगत होती आणि ही कीपॅडवर पौंडाची खूण शोधत होती!

काही खुणा तर वाचायच्याच नसतात. ‘रु. ५००/-’ यातली ती शेवटची तिरकी आणि आडवी रेघ मुळात शिलिंग-पेन्सच्या जमान्यातली : ५/- म्हणजे पाच शिलिंग, वर पेन्स काही नाही. शिलिंग गेले, पेन्सचा तो हिशेबही गेला, आपल्या पावत्यांवर मात्र रेघ ठाण मांडून आहे. बोलताना ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज ओन्ली’. रुपया लिहायचा आधी आणि म्हणायचा नंतर, हीसुद्धा एक गंमतच.

मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आयांनी एक लक्षात ठेवावं. आपण ‘फाइव्ह इन्टू फोर’ म्हणजे गुणाकार म्हणतो. इंग्लंडातलं मूल ‘फाइव्ह इन्टू ट्वेंटी’ ऐकलं की भागाकार करतं : विसात पाच किती वेळा जातात? तिकडे गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणायचं. आणि आपल्या मुलांचं ‘टू वन्झा टू, टू टूझा फोर’ ऐकून ही ‘झा’ कोण, असा प्रश्न मला कित्येक वर्षं पडला होता. ते आहे ‘वन्स आर’, ‘टूज आर’. दोन एक हे दोन, दोन दुणे चार. घाईत म्हणता म्हणता ‘वन्झा’ झालं. म्हणजे आपलं ‘बे एके बे’ जसं घासून गुळगुळीत झालंय, तसंच!

तारखेने तर आमच्या घरी मोठाच घोटाळा केला. पुतण्या अमेरिकेत. साखरपुड्याची तारीख ह्यांनी ७/६ अशी कळवली. अमेरिकेत महिना आधी लिहितात. त्याने सहा जुलैची सुट्टी काढली आणि तिकीट घेतलं. आम्ही जूनच्या सातला वाट बघतोय! तेव्हापासून आमच्याकडे महिना अक्षरात लिहितात आणि अक्षरातच बोलतात. पैशांचंही असंच. आपले बारा लाख पन्नास हजार त्याच्या बायकोला कळेनात. तिला ‘वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन’ सांगावं लागलं. दहा लाखांचा मिलियन आणि शंभर कोटींचा बिलियन. इंग्लंडात जुना बिलियन याहून हजारपट मोठा होता. १९७४ साली तिथल्या सरकारनेच तो सोडून अमेरिकेचा घेतला. मोठमोठ्यांची ही कथा!

एक मात्र सांगायलाच हवं. एवढं सगळं शिकून स्पष्ट बोलायला लागलात, तरी काही आकडे कुणालाच सांगायचे नाहीत. मोबाइलवर येणारा ओटीपी, कार्डाच्या मागचे तीन आकडे, एटीएमचा पिन. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा कितीही गोड बोलो, फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर १९३० वर फोन करायचा. म्हणायचं ‘वन नाइन थ्री झिरो’. आणि रांगेत उभं राहून आधारचे बारा आकडे मोठ्यांदा सांगू नयेत. कागदावर लिहून पुढे करावेत.

आमच्या डॉक्टरांनी त्या दिवसापासून आपणहून एक बदल केला. आता ते आकडा तीनदा सांगतात. सुटा, जोडून आणि मराठीत. आणि मी परत वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. सासूबाईंची साखर आता बरीच ताळ्यावर आली आहे.

मागच्या महिन्यात भिशी आमच्याकडे होती. फराळ झाला, हाउसीची तिकिटं वाटली. आकडे पुकारायला कुणी तयार होईना; जिला तिला खेळायचं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी टेकत सासूबाई आल्या. ‘आणा ती पिशवी इकडे,’ म्हणाल्या. खुर्चीत नीट बसल्या, चष्मा पुसला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इंग्रजी आकडे आणि ह्या? त्यांनी पिशवीत हात घातला, सोंगटी काढली, डोळ्यांजवळ नेली.

‘वन... फाइव्ह... फिफ्टीन,’ आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘पंधरा!’